पोर्ट केलं, पुढे कोण बघणार?

लिनक्सवर गेम नीट चालतात का, या प्रश्नाला पंधरा वर्षांपूर्वी एकच उत्तर होतं आणि ते देणारा थोडा ओशाळायचा. आता उत्तरं दोन आहेत आणि देणारे हिरिरीने भांडतात. एका पक्षाचं म्हणणं, गेम लिनक्ससाठी बांधलेला, म्हणजे पोर्ट केलेला हवा. विंडोजचा गेम मध्यस्थ लावून चालवणं ही उसनवारी झाली. दुसरा पक्ष म्हणतो, खेळणाऱ्याला फ्रेम दिसतात, आतली बांधणी दिसत नाही. पुढच्या संवादातला मामा पहिल्या पक्षाचा. नव्वदच्या दशकात ‘पीसी क्वेस्ट’ मासिकासोबत मिळणाऱ्या सीडीवरून लिनक्स शिकलेला, आता पन्नाशी ओलांडलेला प्रोग्रॅमर. भाची दुसऱ्या पक्षाची. तिचं इंजिनिअरिंग नुकतंच संपलंय आणि अमेरिकेतल्या मावसभावाकडून मागवलेला स्टीम डेक, म्हणजे व्हॉल्व्ह कंपनीचा लिनक्सवर चालणारा, हातात धरून खेळायचा संगणक, सध्या तिच्या हातून सुटत नाही.

मामा: तुझ्या या डेकवर चालतात ते बहुतेक गेम विंडोजचेच ना? मग लिनक्सवर गेम चालतात असं म्हणू नकोस. विंडोजचे गेम लिनक्स खपवून घेतं, असं म्हण.

भाची: खपवून घेतल्यासारखे चालत असते तर मी खेळले नसते रे. नीट चालतात म्हणून खेळते.

मामा: नीट म्हणजे काय, ते मी सांगतो. २०१२ साली व्हॉल्व्हनं ‘लेफ्ट ४ डेड २’ लिनक्सवर आणायला घेतला. पहिल्यांदा सुरू झाला तेव्हा सेकंदाला फ्रेम किती? सहा! मग त्यांनी गेमची लिनक्सच्या कर्नलशी आणि ओपनजीएल या चित्र काढायच्या भाषेशी जुळणी केली, ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना सोबत बसवलं आणि त्याच मशीनवर ३१५ फ्रेम काढून दाखवल्या. विंडोज ७ वर तिथल्या डायरेक्ट३डीनं मिळत होत्या २७०.६. मन लावून पोर्ट केलं तर लिनक्स मागे राहत नाही, पुढे जातं.

भाची: हा किस्सा मलाही पाठ आहे, तू अर्धाच सांगतोयस. ३१५ आणि २७०.६ हा फरक वेळेत मोज. एका फ्रेमला ३.१७ मिलिसेकंद आणि ३.७० मिलिसेकंद. अर्ध्या मिलिसेकंदाची गोष्ट. शिवाय लिनक्सवर शिकलेलं व्हॉल्व्हनं विंडोजवर नेलं, तिथेही ओपनजीएल लावलं, तर तिथे ३०३.४ झाल्या. मेहनत केली म्हणून दोन्हीकडे फळ मिळालं.

मामा: मेहनत लिनक्सच्या निमित्ताने झाली ना? मग झालं तर.

भाची: थांब, महत्त्वाचं पुढेच आहे. त्या गेमचं सोर्स इंजिन मुळात डायरेक्ट३डीसाठी लिहिलेलं. लिनक्सवर आणताना त्याचा चित्र काढणारा भाग नव्याने नाही लिहिला. मध्ये ‘टूजीएल’ नावाचा एक थर घातला. इंजिन डायरेक्ट३डी बोलायचं, थर ते ओपनजीएलमध्ये सांगायचा. २०१४ मध्ये व्हॉल्व्हनं त्या थराचा कोडही खुला केला. म्हणजे तुझ्या अस्सल पोर्टच्या पोटात दुभाष्या बसलेलाच होता.

मामा: त्यात लपवण्यासारखं काही नाही. व्यापारी पोर्ट बहुतेक असेच होतात. पण एका गेमपुरता केलेला थर आणि दुनियाभरच्या गेमसाठी केलेला थर यात फरक आहे. पोर्ट करणाऱ्याच्या हातात सोर्स कोड असतो. हा गेम डायरेक्टएक्सचे, म्हणजे डायरेक्ट३डी ज्याचा भाग आहे त्याचे, नेमके कोणते कानेकोपरे वापरतो, हे त्याला कळतं. थर जिथे महाग पडतो तिथे तो थेट गेमच बदलतो. विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारा व्हॉल्व्हचा प्रोटॉन लिहिणाऱ्याच्या हातात काय असतं? बंद ईएक्सई फाइल. ती काय मागेल ते निमूटपणे पुरवायचं.

भाची: सोर्स कोड हातात असून ‘विचर २’ चं काय झालं? मे २०१४ मध्ये लिनक्सवर आला. आत ‘इऑन’ नावाचा असाच थर होता. ज्यांच्याकडे बरं मशीन होतं त्यांनीही पहिल्याच दिवशी कपाळाला हात लावला. पुढे अपडेट देऊन सुधारला हे खरं, पण तोवर नाव गेलं ते गेलंच.

मामा: एका वाईट कामावरून सगळी जात मोडीत काढू नकोस. त्या काळातलं खरं दुखणं ओपनजीएलचं होतं. चित्र काढायचे आदेश व्यवहारात एकाच थ्रेडमधून कार्डाकडे जायचे. पंगत बसलीय, पानं मांडलीत आणि वाढपी एकच, अशी अवस्था. ग्राफिक्स कार्ड भुकेलं बसायचं आणि प्रोसेसरचे बाकीचे कोअर भटारखान्यात गप्पा मारायचे. कार्ड कितीही महागाचं घेतलं तरी फ्रेम वाढायच्या नाहीत. नोव्हेंबर २०१५ मध्ये लिनक्सवर चालणारी पहिली स्टीम मशीन्स बाजारात आली. त्यांवर विंडोज टाकून लोकांनी मोजलं, तर पोर्ट केलेले बरेच मोठे गेम लिनक्सवर मागे पडत होते. त्यामागचं एक मोठं कारण हे.

भाची: म्हणजे पोर्ट हळू होते, हे मान्य?

मामा: तेव्हाचे. फेब्रुवारी २०१६ मध्ये ओपनजीएलच्या जागी व्हल्कन आलं. त्यात आदेश अनेक थ्रेडमध्ये एकाच वेळी तयार करता येतात आणि ड्रायव्हरची लुडबुड कमी. पोर्ट करणाऱ्या फेरल इंटरॅक्टिव्ह कंपनीनं ‘मॅड मॅक्स’ आधी ओपनजीएलवर आणला होता. २०१७ मध्ये त्याचीच व्हल्कन आवृत्ती चाचणीला दिली. जिथे प्रोसेसर अडत होता तिथे फ्रेम चांगल्या वाढल्या. मग ‘एफ१ २०१७’ त्यांनी फक्त व्हल्कनवरच आणला. एप्रिल २०१८ मध्ये ‘राइज ऑफ द टूम रेडर’. त्याच सुमारास त्यांनी ‘गेममोड’ काढला, कारण लिनक्स वीज वाचवायला प्रोसेसरचा वेग खाली ठेवायचं आणि दोष पोर्टच्या माथी यायचा. गेम सुरू असेपर्यंत वेग वर ठेवायचा, संपला की परत खाली आणायचा, एवढंच त्याचं काम. पोर्टिंगची कला तेव्हा कुठे वयात येत होती.

भाची: आणि ऑगस्टमध्ये प्रोटॉन आला.

मामा: आणि त्या कलेच्या नरड्याला नख लागलं. गेमवाल्यांना कारण मिळालं. आम्ही कशाला पोर्ट करू, व्हॉल्व्ह बघून घेईल!

भाची: नख लावलं ते व्हल्कननंच, मामा. तू ज्याचं कौतुक करतोयस तेच. एका तरुणाला ‘निअर: ऑटोमाटा’ लिनक्सवर खेळायचा होता, म्हणून त्याने डायरेक्टएक्स ११ चं व्हल्कन करणारा ‘डीएक्सव्हीके’ लिहायला घेतला. व्हॉल्व्हनं २०१८ च्या सुरुवातीला त्याला कामावर घेतलं. आधी वाइनमध्ये, म्हणजे प्रोटॉन ज्यावर उभा आहे त्या जुन्या थरात, डायरेक्टएक्सचं ओपनजीएल व्हायचं, म्हणजे तुझा एकच वाढपी. आता थेट व्हल्कन. हा थर इतका चांगला निघाला की ‘जीटीए ४’ सारखा जुना गेम धड चालावा म्हणून विंडोजवरचे लोकसुद्धा तो वापरतात.

मामा: एखाद्या गेमचा मूळ कोडच भिकार असेल तर तसं होतं.

भाची: असेलही. पण आता जरा लॅपटॉपकडे बघ. कारच्या शर्यतीचा हा जुना गेम, नाव जाऊ दे. याचं लिनक्सचं पोर्ट आहे आणि विंडोजची आवृत्तीही आहे. मशीन तेच, ट्रॅक तोच, सेटिंग तीच. कोपऱ्यात फ्रेम मोजणारा मँगोहड लावलाय. फ्रेमचा आकडा बघू नकोस, त्याखालची रेघ बघ. प्रत्येक फ्रेमला किती वेळ लागला त्याचा आलेख आहे तो.

मामा: पोर्टचा सरासरी आकडा तर चांगला दिसतोय.

भाची: सरासरी चांगलीच येते. आता या वळणावर बघ. धूळ उडाली, समोर नवी गाडी आली, आणि हा सुळका! सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. इथे एकीला त्याच्या तिप्पट लागले. सरासरीत ते बुडून गेलं, पण हाताला कळलं. स्टिअरिंग क्षणभर मेल्यासारखं झालं. हा स्टटर. आता हेच वळण प्रोटॉनवर. सरासरी पोर्टपेक्षा किंचित कमीच आहे. रेघ?

मामा: सपाट आहे.

भाची: मला सपाट रेघ हवी. आणि ती सपाट का आहे, तेही ऐक. पोर्टच्या पोटातला थर ज्या दिवशी पोर्ट विकायला आलं त्या दिवशी गोठला. त्यानंतर व्हल्कन सुधारलं, मेसाचे खुले ग्राफिक्स ड्रायव्हर सुधारले, एएमडीच्या कार्डांसाठी शेडर, म्हणजे कार्डावर चालणारे छोटे प्रोग्रॅम, झटपट तयार करणारा ‘एसीओ’ कंपायलर आला. त्याचा पूर्ण फायदा त्या पोर्टला मिळाला नाही, कारण त्याला उघडून दुरुस्त करणारं कुणी उरलंच नाही. प्रोटॉनचा थर गेमच्या बाहेर आहे. आज सुधारला की दहा वर्षांपूर्वीचा गेमही आज सुधारतो. दुभाष्या दोघांकडेही आहे मामा. तुझा संपावर गेलाय, माझा रोज कामावर येतो.

मामा: हे पटण्यासारखं आहे. पण रोज कामावर येणाऱ्याचा पगार कोण देतं?

भाची: तिकडे येऊच. आधी ‘एल्डन रिंग’ या गेमचं ऐक. फेब्रुवारी २०२२ मध्ये आला. मोकळ्या रानात घोडा दौडवताना पीसीवर अडखळायचा आणि लोक वैतागले होते. गेम काही ठिकाणी चित्र काढायच्या आदेशांचे कमांड बफर हजारोंनी तयार करायचा आणि थरातल्या मेमरी सांभाळणाऱ्या भागाची तारांबळ उडायची. व्हॉल्व्हच्या लोकांनी गेमला हातही न लावता आपल्या थरात ती मेमरी राखून पुन्हा वापरायची सोय केली. स्टीम डेकवर आणखी एक फायदा: सगळ्यांचं हार्डवेअर एकच, त्यामुळे शेडर आधीच तयार करून धाडता येतात, ऐन खेळात शिजवावे लागत नाहीत. लिनक्ससाठी कधी पोर्टच न झालेला गेम पंधरा वॉटच्या चिपवर विंडोजपेक्षा कमी अडखळत होता. तुझ्या बंद ईएक्सई फाइलचं उत्तर हे.

मामा: छान आहे उत्तर, पण तोटेही सांग. डायरेक्टएक्स १२ चे गेम एनव्हिडियाच्या कार्डावर लिनक्समध्ये विंडोजपेक्षा मागे पडतात, ही तक्रार २०२५ मध्येही होती. थर फुकट चालत नसतो. दुसरं, विंडोजच्या गेमला एकाच वेळी अनेक गोष्टींची वाट पाहायची सवय असते. यातली कुठलीही एक झाली की मला उठव, असं तो सांगतो. लिनक्सला तशी पद्धतच नव्हती. वाइनमध्ये अशा प्रत्येक निरोपासाठी वाइनसर्व्हर नावाच्या एकाच प्रोसेसकडे हेलपाटा पडायचा. मग उपाय म्हणून ईसिंक काढलं, एफसिंक काढलं, त्यापायी लिनक्स ५.१६ मध्ये नवी सोय आली आणि शेवटी २०२५ मध्ये ६.१४ या कर्नलमध्ये ‘एनटीसिंक’ नावाचा ड्रायव्हरच घातला. गेमनं लिनक्सची रीत शिकायची, तर इथे कर्नल विंडोजची रीत शिकलं!

भाची: शिकलं तर बिघडलं कुठे? वेग वाढला ना?

मामा: वाढला. पण लिनक्सची स्वतःची ताकद कुणी वापरायची? कारखाने उभारायचा ‘फॅक्टोरिओ’ खेळतेस ना?

भाची: रात्र रात्र.

मामा: कारखाना मोठा झाला की ऑटोसेव्हला काय होतं?

भाची: सगळं थांबतं. सेव्ह होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं.

मामा: विंडोजवर बसायचं. लिनक्सच्या आवृत्तीत एक लपलेली सेटिंग आहे. ती चालू केली की गेम ‘फोर्क’ करतो, म्हणजे स्वतःचीच एक जुळी प्रोसेस काढतो. कर्नल सगळी मेमरी लगेच कॉपी करत बसत नाही. दोघांपैकी कुणी एखादं पान बदललं तरच त्या पानाची वेगळी प्रत होते. जुळा त्या क्षणाचा कारखाना शांतपणे डिस्कवर लिहीत बसतो आणि इकडे तुझे पट्टे फिरत राहतात. जास्तीची रॅम लागते, पण खेळ थांबत नाही. फोर्क ही युनिक्सची पन्नास वर्षांपूर्वीची युक्ती. प्रोटॉनमधून विंडोजची आवृत्ती चालवलीस तर हे मिळणार नाही, कारण विंडोजच्या गेमला ते मागायचं सुचतच नाही. दुभाष्या कितीही हुशार असो, न बोललेलं वाक्य तो कसं पोहोचवणार?

भाची: हे मला ठाऊक नव्हतं. आज रात्री चालू करते. पण ‘फॅक्टोरिओ’ करणारे लोक स्वतःचं इंजिन स्वतः लिहितात आणि लिनक्सची आवृत्ती स्वतः सांभाळतात. असे किती? नाहीतर ‘रॉकेट लीग’ बघ. लिनक्सचं पोर्ट होतं, लोकांनी पैसे मोजून घेतलं होतं. कंपनीला डायरेक्टएक्स ९ सोडून ११ वर जायचं होतं. लिनक्ससाठी वेगळं काम परवडेना, म्हणून मार्च २०२० मध्ये लिनक्सवरचं ऑनलाइन खेळणं बंद केलं. शेवटी ते खेळाडू प्रोटॉन लावून विंडोजचीच आवृत्ती खेळू लागले.

मामा: आणि प्रोटॉनवाल्यांना कुणी हाकलत नाही, असं वाटतं का तुला? ‘एपेक्स लेजंड्स’ तुमच्या डेकवर सुरेख चालत होता. २०२४ च्या ऑक्टोबर अखेर कंपनीनं चीटिंगचं कारण देऊन लिनक्सवाल्यांना दार लावलं. चीटिंग पकडणाऱ्या अँटिचीट प्रोग्रॅमला प्रोटॉनवर चालायची सोय २०२१ पासून आहे, पण तिचं बटण गेमच्या मालकाच्या हातात. तुझा थर सपाट रेघ काढत राहिला, आणि फ्रेम मिळाल्या शून्य.

भाची: ते खरं आहे. पण तिथे पोर्ट असतं तरी तेच झालं असतं. दार लावणाऱ्याला कडी कुठली आहे यानं फरक पडत नाही.

मामा: पोर्ट असतं तर निदान त्यांच्याकडे लिनक्स जाणणारी चार माणसं असती. आत कुणीतरी म्हणालं असतं की हे दुरुस्त करता येईल. प्रोटॉनमुळे गेम कंपनीला लिनक्स शिकावंच लागत नाही, माझी खरी तक्रार ती आहे. आणि तू मघाशी टाळलेला प्रश्न: तुझ्या दुभाष्याचा पगार मुख्यतः एकच कंपनी देते. उद्या तिचं मन फिरलं तर?

भाची: तर कोड खुला आहे. वाइन १९९३ पासून चालू आहे, व्हॉल्व्ह त्यात फार उशिरा आली. डीएक्सव्हीके खुला, मेसा खुलं. वेग मंदावेल, पण कुलूप लागणार नाही. लिनक्ससाठी पोर्ट करणाऱ्या लोकी सॉफ्टवेअरचं उदाहरण तूच मला सांगायचास.

मामा: लोकी! १९९८ मध्ये निघाली, २००२ च्या सुरुवातीला बंद. ‘सिव्हिलायझेशन: कॉल टू पॉवर’ लिनक्सवर त्यांनीच आणला. काम अव्वल, बाजार नाही. पण तिथल्याच एका माणसाने लिहिलेली एसडीएल लायब्ररी आजही कितीतरी पोर्ट उचलून धरते.

भाची: एसडीएल खुली होती म्हणून उरली. पण लोकीचे बंद पोर्ट आजच्या लिनक्सवर सरळ उघडतात का? जुन्या लायब्ऱ्या शोधत बसावं लागतं. त्या काळातले विंडोजचे कितीतरी गेम मात्र वाइनवर निमूट उघडतात.

मामा: आणि त्याच काळातला ‘क्वेक ३’? १९९९ चा. इड सॉफ्टवेअरनं २००५ मध्ये त्याचा सोर्स कोड जीपीएल या खुल्या परवान्याखाली दिला. आयओक्वेक३ च्या लोकांनी तो उचलला. आज नवीन मशीनवर, नवीन लिनक्सवर, कुठलाही दुभाष्या न लावता चालतो. अस्सल पोर्ट मेलं नाही, कारण त्याला हात लावायची सगळ्यांना मुभा होती.

भाची: म्हणजे आपलं भांडण अस्सल की उसनं यावर नव्हतंच. लोकीचं पोर्ट अस्सल होतं, बंद होतं, गोठलं. ‘क्वेक ३’ अस्सल होता, खुला झाला, जगला. ‘एल्डन रिंग’ बंद आहे, पण त्याच्याखालचा थर खुला आहे, म्हणून तो सुधारला. गोठतं ते बंद आणि बेवारस.

मामा: बेवारस हा शब्द बरोबर आहे. म्हणून तर ‘बाल्डर्स गेट ३’ चं मला कौतुक वाटलं. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये, गेम येऊन दोन वर्षं झाल्यावर, तो करणाऱ्या लॅरियननं स्टीम डेकसाठी खास लिनक्सचा बिल्ड दिला. डेकचा प्रोसेसर लहान. थर काढला की प्रोसेसरवरचा आणि मेमरीवरचा भार हलका होतो. प्रोटॉन असूनही पोर्ट करावंसं वाटलं त्यांना. संपली नाही ती कला.

भाची: पण त्यांनी सोबत बजावलंही की हा बिल्ड डेकपुरता, बाकीच्या लिनक्सला अधिकृत पाठबळ नाही. एक हार्डवेअर, एक ठरलेली व्यवस्था, तेवढीच जबाबदारी. मला ते प्रामाणिक वाटलं. व्हॉल्व्हच्या स्टीम या गेमच्या दुकानात लिनक्सवाले २०२५ च्या अखेरीस ३ टक्क्यांच्या आसपास होते. तेवढ्यांसाठी लिनक्सच्या प्रत्येक डिस्ट्रोवर चालेल अशी हमी कुणी दिली तर मी आधी संशय घेईन. पुढच्या वर्षी ती हमी कुठे असेल?

मामा: चल, मग एवढं ठरवू. जो स्वतः सांभाळणार असेल त्याने खुशाल अस्सल पोर्ट करावं, ‘फॅक्टोरिओ’ सारखं. लिनक्सची खरी ताकद तिथेच दिसेल. ज्याला सांभाळायचं नाही त्याने विकून मोकळं व्हायचं पोर्ट करू नये. विंडोजचा गेम निदान प्रोटॉनवर चालवून बघावा आणि अँटिचीटचं बटण चालू करावं.

भाची: हे तू म्हणतोयस? लिहून दे.

मामा: अटीसकट लिहून देतो. यापुढे कुणी नवीन पोर्ट आणलं तर फ्रेम किती, हे मी विचारणार नाही. पाच वर्षांनी ड्रायव्हर बदलला, लायब्ररी बदलली, तर हे कोण दुरुस्त करणार आणि त्याला ते उघडता येईल का, एवढंच विचारेन.

भाची: विचार ना. पण तुझा प्रश्न दुसरा. पहिला मी विचारणार, आणि आलेखावर सुळके दिसले तर दुसऱ्याची पाळीच येणार नाही.